मुद्रांकित कागद : अमेरिकन वसाहतींचा करविरोध आणि त्याची भाषा

१

इ. स. १७६५ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने उत्तर अमेरिकेतील वसाहतींसाठी मुद्रांक कायदा संमत केला. १ नोव्हेंबरपासून तो अमलात यावयाचा होता. वृत्तपत्राच्या प्रतीवर आकारानुसार अर्धा किंवा एक पेनी, प्रत्येक जाहिरातीमागे दोन शिलिंग, पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग, महाविद्यालयीन पदवीपत्रावर दोन पौंड अशी त्याची आकारणी होती. पंचांगे, पत्रके, खरेदीखते, मृत्युपत्रे, न्यायालयात दाखल करावयाचे अर्ज आणि वकिलीच्या सनदा हे सारे इंग्लंडातून छाप उमटवून आलेल्या कागदावरच असले पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. दस्तऐवज इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असेल तर कर दुप्पट होता. पेनसिल्व्हेनियातील जर्मन भाषकांवर आणि त्यांच्या मुद्रकांवर या कलमाचा बोजा सरळ पडणार होता.

ही यादी आर्थिक इतिहासकाराला जे सांगते त्याहून काही वेगळे वाङ्मयाच्या अभ्यासकाला सांगते. फासे सोडल्यास येथे कर बसला आहे तो कागदावर उमटलेल्या, म्हणजेच लिखित किंवा मुद्रित, चिन्हांवर. मालमत्तेचे हस्तांतर, विद्वत्तेची मान्यता, न्यायाची मागणी आणि वार्तेचा प्रसार या साऱ्या व्यवहारांना लेखनातून जावे लागते आणि लेखनाला राजमुद्रेखालून. आपले अस्तित्व संहितेच्या द्वारा सिद्ध करणाऱ्या समाजाच्या नेमक्या त्याच द्वारावर पार्लमेंटने जकातनाका बसवला, असे म्हणता येईल. मुद्रक, वकील आणि व्यापारी हे वसाहतींतील सर्वाधिक लिहिणारे व छापणारे वर्ग या कायद्याने एकाच वेळी दुखावले गेले. करविरोधाला जे विलक्षण वाङ्मयीन रूप आले त्याचे एक कारण येथे आहे.

प्रस्तुत लेखात १७६४ ते १७७५ या काळातील करविरोधाकडे अर्थनिर्णयनाचा संघर्ष म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ‘कर’, ‘प्रतिनिधित्व’ आणि ‘गुलामी’ या तीन संज्ञांचा अर्थ कोणी ठरवायचा, हा या संघर्षाचा गाभा होता. पहिल्या दोन संज्ञांबाबत वसाहतींनी साम्राज्यावर मात केली. तिसऱ्या संज्ञेचा अर्थ मात्र त्यांच्या हाती राहिला नाही. तो का राहिला नाही, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

२

सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेले होते. अमेरिकेत ठेवावयाच्या सैन्याच्या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, ही ग्रेनव्हिल मंत्रिमंडळाची अपेक्षा लंडनमधून पाहता अवाजवी वाटत नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये मुद्रांक शुल्क १६९४ पासून चालू होते आणि तेथील करदात्यावरील भार वसाहतींतील माणसापेक्षा कितीतरी जड होता. तेव्हा करविरोधाचा उलगडा केवळ रकमेच्या हिशेबाने होत नाही. १७६४ च्या साखर कायद्याने परदेशी काकवीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली, म्हणजे निम्मी केली, आणि तरीही तिला विरोध झाला. जुनी जकात व्यापाराला वळण लावण्यासाठी होती आणि ती चुकवण्याची वहिवाट पडलेली होती. नव्या कायद्याच्या प्रास्ताविकात महसूल उभारण्याचा हेतू उघड शब्दांत आला होता. शिवाय त्याखालील खटले ज्युरी नसलेल्या सागरी न्यायालयांत चालवण्याची तरतूद होती. दर खाली आला, पण आकारणीचा अर्थ पालटला. वसाहतींतील वाचकांनी रकमेच्या आधी प्रास्ताविक वाचले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

संमतीवाचून कर नाही हे तत्त्व इंग्रजी घटनापरंपरेतलेच होते आणि ते उभय पक्षांना मान्य होते. वाद होता तो संमती म्हणजे काय याबद्दल. कायद्याच्या मसुद्यात ज्याचा मोठा हात होता त्या टॉमस व्हेटलीने असा युक्तिवाद केला की इंग्लंडमधील बहुसंख्य लोकांनाही मताधिकार नाही, मोठमोठ्या गावांना पार्लमेंटात स्वतंत्र जागा नाहीत, तरीही त्यांचे प्रतिनिधित्व होतेच. कारण पार्लमेंटचा सदस्य आपल्या मतदारसंघापुरता बोलत नाही, तो अवघ्या राष्ट्राच्या वतीने बोलतो. बर्मिंगहॅमला सदस्य नसूनही ते जसे पार्लमेंटात उपस्थित आहे, तसेच बोस्टनही उपस्थित आहे. या गृहीत प्रतिनिधित्वाच्या सिद्धान्ताला मेरिलँडचा वकील डॅनिअल ड्युलॅनी याने १७६५ मध्येच उत्तर दिले. इंग्लंडमधील मताधिकारहीन माणूस आणि मतदार यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असतात. एकावर बसणारा कर दुसऱ्यालाही भरावा लागतो. वसाहतींच्या बाबतीत याच्या उलट स्थिती आहे. तेथे बसवलेला प्रत्येक पौंड इंग्लंडमधील मतदाराचा भार हलका करतो. ज्याचा लाभ माझ्या हानीत आहे तो माझ्या वतीने कसा बोलेल?

मराठीत आपण राजकीय ‘प्रतिनिधित्व’ आणि कलाविचारातील ‘प्रतिरूपण’ यांसाठी निरनिराळे शब्द योजतो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच संज्ञा आहे, आणि या वादात तिचे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळताना दिसतात. व्हेटलीच्या मांडणीत पार्लमेंट हे राष्ट्राचे प्रतीक आहे. प्रतीकाने ज्याचा निर्देश करायचा त्याची अनुमती घेण्याची गरज नसते. ड्युलॅनीच्या मांडणीत प्रतिनिधी हा मुखत्यार आहे आणि मुखत्यारपत्रावर सही असावी लागते. एका बाजूला निर्देशाची पूर्वपरंपरेने सिद्ध मानलेली व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला निर्देश करणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क, असा हा पेच आहे. तो अठराव्या शतकाबरोबर संपलेला नाही. ‘अमुकांच्या वतीने’ लिहिल्या गेलेल्या प्रत्येक साहित्यकृतीपुढे तो आजही उभा राहतो.

३

बर्नार्ड बेलिन यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात क्रांतिपूर्व पत्रकांचे वैचारिक मूळ शोधले. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये मुद्रण आणि राष्ट्रकल्पना यांची सांगड घातली, तर मायकेल वॉर्नर यांनी १९९० मध्ये मुद्रित शब्दाच्या निर्वैयक्तिकतेकडे लक्ष वेधले. या तिन्ही मांडण्यांचा उपयोग करूनही एक गोष्ट निराळी नोंदवावीशी वाटते. करविरोधाच्या संहिता फार अस्थिर होत्या, आणि ही अस्थिरता त्यांच्या परिणामाला मारक न ठरता पोषकच ठरली.

व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहात पॅट्रिक हेन्रीने मे १७६५ मध्ये मांडलेल्या ठरावांचे उदाहरण घेऊ. सभागृहाने पाच ठराव संमत केले आणि दुसऱ्याच दिवशी, हेन्री निघून गेल्यावर, पाचवा रद्द केला. म्हणजे इतिवृत्तात चार ठराव उरले. परंतु न्यूपोर्ट आणि मेरिलँड येथील वृत्तपत्रांनी सभागृहाने कधीच न स्वीकारलेले ठरावही त्यांच्यासोबत छापले. असा कर पाळण्यास प्रजा बांधील नाही, आणि याविरुद्ध बोलणारा वसाहतीचा शत्रू समजावा, असा त्यांचा आशय होता. अन्य वसाहतींनी हेच छापील ठराव व्हर्जिनियाचा आवाज म्हणून वाचले आणि त्यांच्या धर्तीवर आपले ठराव रचले. जे घडले नव्हते त्याच्या मुद्रित वार्तेने पुढचे घडवले. हेन्रीच्या भाषणाचीही हीच कथा आहे. त्याचा समकालीन लिखित पाठ नाही. जे तेजस्वी शब्द पुढे पाठ्यपुस्तकांत गेले ते विल्यम वर्टने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात जुळवलेले आहेत. त्या दिवशी सभागृहात हजर असलेल्या एका फ्रेंच प्रवाशाची रोजनिशी १९२१ मध्ये प्रकाशात आली. तिच्यात हेन्री आपल्या बोलण्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना दिसतो. दोन्ही पाठ आपल्यापुढे आहेत. इतिहास घडवला तो मात्र उत्तरकालीन पाठाने.

या मुद्रणसंस्कृतीची एक काळी बाजूही आहे. १४ ऑगस्ट १७६५ रोजी बोस्टनमध्ये मुद्रांक-वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याची प्रतिमा एका एल्म वृक्षावर लटकवण्यात आली. बारा दिवसांनी जमावाने उपराज्यपाल टॉमस हचिन्सन याचे घर उद्ध्वस्त केले. हचिन्सनने या कायद्याविरुद्ध खाजगीरीत्या मत दिले होते, पण कायदा झाल्यावर तो पाळला पाहिजे अशी त्याची भूमिका होती. हा गृहस्थ मॅसॅच्युसेट्सचा इतिहासकार होता. त्याच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित त्या रात्री रस्त्यावरील चिखलात विखुरले गेले. अँड्र्यू एलियट या धर्मोपदेशकाने ती पाने गोळा केली आणि १७६७ मध्ये तो खंड प्रसिद्ध झाला. चिखलाचे डाग पडलेली ती पाने आजही जतन केलेली आहेत. कागदावरील कराविरुद्ध उठलेल्या जमावाने वसाहतीचा लिखित इतिहासच पायदळी तुडवावा, यातील विसंगती तेव्हाच्या पत्रककारांना बोचलेली फारशी दिसत नाही.

नोव्हेंबर उजाडला तेव्हा वितरकांनी राजीनामे दिलेले होते. जॉर्जियातील अल्पकाळ सोडल्यास मुद्रांकित कागद कोठेही विकला गेला नाही. आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ने आपला अंक थडग्याच्या आकारात, काळ्या रेघांनी वेढून, कवटीच्या चित्रासह काढला होता. वृत्तपत्राने स्वतःचाच मृत्युलेख छापला, आणि नंतर ते मुद्रांकावाचून चालू राहिले. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. मात्र त्याच दिवशी पार्लमेंटने एक उद्घोषक कायदा केला आणि वसाहतींना सर्व बाबतींत बांधील करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. हा मजकूर आयर्लंडसाठी १७२० मध्ये केलेल्या कायद्याच्या धर्तीवर होता. वसाहतींतील लोक घंटा वाजवण्यात गुंतले होते, आणि इकडे साम्राज्याने आपल्या एका वसाहतीवर घोटलेले वाक्य दुसरीसाठी गिरवून ठेवले होते.

४

१७६७ मध्ये टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर कर बसवले. वसाहती अंतर्गत कराला विरोध करतात, बाह्य कराला नाही, असा त्याचा समज होता. या समजाला खुद्द फ्रँकलिनच्या साक्षीनेच वाव दिला होता. या भेदाचा निकाल जॉन डिकिन्सनच्या बारा पत्रांनी लावला. डिसेंबर १७६७ पासून ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि वसाहतींतील बहुतेक इंग्रजी वृत्तपत्रांनी उतरून घेतली. कर आत बसला की बंदरावर, हा प्रश्न त्याने गौण ठरवला. महसूल मिळवण्याचा हेतू हेच कराचे लक्षण होय, असे त्याने प्रतिपादले. साखर कायद्याच्या प्रास्ताविकाचे जे वाचन तोवर विखुरलेले होते त्याला येथे सिद्धान्ताचे रूप आले.

ही पत्रे पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याच्या नावाने लिहिलेली होती. डिकिन्सन हा लंडनमध्ये शिकलेला धनाढ्य वकील होता. पत्रांतला शेतकरी मात्र थोडक्या जमिनीवर समाधानी असलेला, पुस्तके बाळगणारा, शांत वृत्तीचा गृहस्थ आहे. टोपणनावाने येथे लेखकाला लपवले आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने वाचकाला घडवले आहे. कोणाही निःस्वार्थ, स्वावलंबी माणसाला हे पत्र आपणच लिहिले असते असे वाटावे, अशी ती रचना आहे. पण मुखवटा कोणालाही घालता येतो. १७७४ मध्ये सॅम्युएल सीबरी या राजनिष्ठ धर्मोपदेशकाने वेस्टचेस्टरच्या शेतकऱ्याचे नाव घेऊन खंडीय काँग्रेसवर हल्ला चढवला. खऱ्या शेतकऱ्याचे धान्य बहिष्कारामुळे पडून राहील, त्याच्या घरी हेर म्हणून समित्या येतील, असे त्याने बजावले. शेतकऱ्याच्या नावाने दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. प्रत्यक्ष शेतकरी या वादात बहुधा वाचक, आणि अनेकदा श्रोताच, राहिला.

१७७३ चा चहा कायदा या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. त्याने नवा कर बसवला नाही. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम ठेवला आणि ईस्ट इंडिया कंपनीला आपला माल थेट वसाहतींत पाठवण्याची मुभा दिली. चहा उलट स्वस्त होणार होता. कंपनी १७७२ मध्ये डबघाईला आली होती. बंगालची दिवाणी हाती आल्यावर तिच्या भागधारकांनी बांधलेल्या अपेक्षा, तिचा वाढता लष्करी खर्च आणि १७६९–७० च्या भीषण दुष्काळाने उजाड झालेला प्रदेश या साऱ्यांची छाया त्या संकटावर होती. तिला सावरण्यासाठी सरकारने चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले, नियामक कायदा केला आणि गोदामांत साचलेल्या चिनी चहाला अमेरिकेची वाट मोकळी करून दिली. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या धक्क्यावर ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, तेव्हा त्या घटनेच्या एका टोकाला कँटनची बाजारपेठ होती आणि दुसऱ्या टोकाला बंगालचा महसूल. डिकिन्सनने त्याच नोव्हेंबरात दुसऱ्या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात कंपनीच्या आशियातील वर्तनाचा आणि बंगालमधील भूकबळींचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याचा रोख मात्र सावध होण्याकडे आहे. आज तिकडे जे झाले ते उद्या आपल्याकडे होईल, एवढेच त्याला सांगायचे आहे. बंगालचा शेतकरी त्याच्या पत्रात दृष्टान्त म्हणून येतो. त्याच्याशी संवाद होण्याची कल्पना तेथे नाही.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. बोस्टन बंदर बंद झाले, सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले आणि २० ऑक्टोबरला बहिष्काराचा करार झाला. गावोगावच्या समित्यांनी करार मोडणाऱ्यांची नावे वृत्तपत्रांत छापावीत, अशी तरतूद तिच्यात होती. त्यानंतरची वृत्तपत्रे कबुलीजबाबांनी भरलेली आहेत. नोव्हेंबर १७७५ मध्ये न्यूयॉर्कचा राजनिष्ठ मुद्रक जेम्स रिव्हिंग्टन याचा छापखाना मोडण्यात आला आणि त्याचे खिळे उचलून नेण्यात आले. कागदावरील राजमुद्रेला नकार देणाऱ्या चळवळीने दहा वर्षांत आपली स्वतःची मुद्रा तयार केली होती.

५

आता तिसऱ्या संज्ञेकडे वळू. ज्याच्या संमतीवाचून त्याची मालमत्ता घेतली जाते तो गुलाम होय, हे विधान या काळातील पत्रकांत शेकडो रूपांत येते. इंग्रजी राजकीय विचारात ‘गुलामी’ ही परकीय इच्छेच्या अधीन असण्याची पारिभाषिक संज्ञा होती, हे बेलिन यांनी दाखवले आहे, आणि ते खरे आहे. पण ज्या समाजात लाखो माणसे प्रत्यक्ष विकली जात होती तेथे ही संज्ञा निव्वळ पारिभाषिक राहू शकत नव्हती. सॅम्युएल जॉन्सनने १७७५ च्या आपल्या पत्रकात स्वातंत्र्याची सर्वांत मोठी ओरड गुलामांच्या मालकांकडूनच का ऐकू यावी, असा टोला हाणला. हा टोला सरकारपक्षाच्या सोयीचा होता. ब्रिटिश गुलामव्यापार तेव्हा तेजीत होता, आणि त्यावर पार्लमेंटने काही केले नव्हते. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर जॉन्सनकडे शोधून भागणार नाही.

ते शोधावे लागते खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये. जानेवारी १७७३ मध्ये फीलिक्स या नावाने काही गुलामांचा अर्ज राज्यपाल आणि विधिमंडळ यांच्याकडे गेला. एप्रिलमध्ये चार कृष्णवर्णीयांच्या सह्यांचे दुसरे पत्र छापले गेले. आपल्या सहमानवांनी चालवलेल्या गुलामीच्या बेतांविरुद्ध जे इतक्या धैर्याने उभे राहिले त्यांच्याकडून आम्ही मोठ्या अपेक्षा करतो, असे त्यात म्हटले आहे. शब्द सारे विधिमंडळाचेच आहेत. भाषा अत्यंत विनम्र आहे, अर्जाच्या सर्व संकेतांना धरून आहे. तरीही या विनम्रतेने विधिमंडळाच्या रूपकाला त्याचा वाच्यार्थ परत केला. ज्यांनी रूपक योजले त्यांना आता ते वापरल्याची किंमत द्यावी लागत होती. विधिमंडळाने त्या वर्षी काहीही दिले नाही.

त्याच वर्षी फिलिस व्हीटलीचा काव्यसंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ याला उद्देशून लिहिलेली एक कविता त्यात आहे. ती प्रथम वसाहतींच्या बाजूने, रूढ रूपकांतून, स्वातंत्र्याचे स्तवन करते. मग कवयित्री थांबते आणि आपले स्वातंत्र्यप्रेम कोठून आले ते सांगते. आफ्रिकेतून तिला बालपणी पळवून आणले, तिच्या पित्याचे काळीज फाटले, आणि म्हणून हे दुःख इतरांच्या वाट्याला येऊ नये असे तिला वाटते. कवितेचा पूर्वार्ध कोणीही शिकलेला बोस्टनवासी लिहू शकला असता. उत्तरार्ध मात्र एकच व्यक्ती लिहू शकत होती, आणि तो वाचल्यावर पूर्वार्धातील साखळदंड अलंकार म्हणून वाचता येत नाहीत. या संग्रहाच्या प्रती बोस्टनला आल्या त्या ‘डार्टमथ’ जहाजातून. त्याच जहाजात चहाही होता. चहाचे काय झाले ते प्रत्येक विद्यार्थी जाणतो.

करविरोधकांना ही विसंगती अजिबात जाणवली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७७४ च्या करारात गुलामांची आयात बंद करण्याचे कलम होते. पण युद्ध संपून राज्यघटना लिहिण्याची वेळ आली तेव्हा, १७८७ मध्ये, प्रतिनिधित्व आणि प्रत्यक्ष कर यांची वाटणी एकाच कलमाने ठरवण्यात आली आणि त्यासाठी गुलामांची गणना तीन-पंचमांश करण्यात आली. बावीस वर्षांच्या वादाचे दोन्ही शब्द येथे शेजारी शेजारी येतात. व्हेटलीच्या गृहीत प्रतिनिधित्वाला ज्यांनी नाकारले त्यांनी त्याहून भयंकर असे प्रतिनिधित्व निर्माण केले. ज्याच्या नावावर जागा वाढतात, त्याला मत नाही, आवाज नाही, आणि ज्याचा लाभ त्याच्या हानीत आहे तोच त्याच्या वतीने सभागृहात बसतो. ड्युलॅनीचा युक्तिवाद शब्दशः येथे लागू पडतो. तो येथे लावून पाहणे त्या सभागृहाला परवडणारे नव्हते.

६

मराठी वाचकाला हा इतिहास सर्वस्वी परका नाही. जोतीराव फुले यांच्यावर टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाचा प्रभाव होता. हा पेन एके काळी इंग्लंडमध्ये अबकारी खात्यात नोकरी करीत होता आणि ती गेल्यावर १७७४ च्या अखेरीस फिलाडेल्फियाला आला होता. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केली. या अर्पणपत्रिकेकडे आपण बहुधा कृतज्ञतेचा उद्गार म्हणून पाहतो. वरील विवेचनाच्या प्रकाशात ती एक वाचनकृती म्हणूनही पाहता येईल. अमेरिकेच्या इतिहासातून जोतीरावांनी १७७६ ची घोषणा उचलली नाही. त्यांनी निवडला तो क्षण होता गुलामीचा वाच्यार्थ मान्य होऊन ती नष्ट झाल्याचा. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला ‘गुलामगिरी’ म्हणताना तो शब्द अलंकार म्हणून वाचला जाऊ नये, याची तजवीज त्यांनी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील राष्ट्रीय पक्षाच्या भाषेतही गुलामीचे रूपक रुळले. तेव्हा बोस्टनच्या विधिमंडळाला विचारला गेलेला प्रश्न मराठीत आधीच विचारून झालेला होता.

करविरोधाच्या या वाङ्मयाने साम्राज्याची व्याख्या करण्याची मक्तेदारी मोडली, आणि हे त्याचे थोर कार्य नाकारण्याचे कारण नाही. पण व्याख्येचा अधिकार एकदा सामान्य माणसाच्या हाती आला की तो कोणत्या माणसापाशी थांबवायचा, हे चळवळ ठरवू शकत नाही. एप्रिल १७७३ च्या पत्रावर चार सह्या आहेत. ज्यांच्यासाठी ते वाङ्मय लिहिलेच नव्हते अशा त्या चार वाचकांनी ते सर्वांत नेमके वाचले होते.